क्लस्टरच्या लॉगिन नोडवर ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) चालतं, पण कंप्यूट नोडवर (प्रत्यक्ष गणना करणाऱ्या मशीनवर) जॉब टाकला की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येऊन बंद पडतं. असं का?

इनपुट फाइल तपासत बसू नका, दोष बहुधा बिल्डचा, म्हणजे ग्रोमॅक्स कंपाइल करण्याचा आहे. सीमेक (बिल्डची तयारी करणारं साधन) ज्या मशीनवर चालतं, त्याच्याच प्रोसेसरच्या सिमड सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) निवडतं. लॉगिन नोडला एव्हीएक्स-५१२ (नव्या सिमड सूचना) आणि कंप्यूट नोड जुने, फक्त एव्हीएक्स२ वाले, असं असेल तर पहिल्याच फटक्यात जॉब मरणार.

क्लस्टरवर स्लर्म (जॉब नोडना वाटून देणारी प्रणाली) असेल तर त्याच्या एसरन कमांडने कंप्यूट नोडवर इंटरॅक्टिव्ह शेल घ्या, जॉबमधलेच मॉड्यूल लोड करा, जुनी बिल्ड डिरेक्टरी पूर्ण उडवा (सीमेकची कॅशे फार चिवट असते!) आणि तिथेच कंपाइल करा. कंप्यूट नोडला सहसा इंटरनेट नसतं, त्यामुळे ग्रोमॅक्सला लागणारी एफएफटीडब्ल्यू (फूरिये ट्रान्सफॉर्मची लायब्ररी) तिथे डाउनलोड होणार नाही; तिचं तयार मॉड्यूल वापरा. सुडो लागत नाही, इन्स्टॉल प्रीफिक्स होम डिरेक्टरीत द्या.