तिकिटावरच्या माशाचं तोंड बघ

प्रश्न : आजोबांनी त्यांचा तिकिटांचा अल्बम मला दिला आहे. त्यात पाकिस्तानची रोहू, कटला, तिलापियाची तिकिटं आहेत आणि हंगेरीची रंगीत माशांची. ती नुसती देशवार लावण्यापेक्षा त्यांवरून गोड्या पाण्यातले मासे शिकता येतील का? मॅक्सिमम कार्डंही जमवू का?
– सातवीतली वाचक, इंदापूर

उत्तर : येतील की! सुरुवातीला याहून चांगली तिकिटं शोधून सापडायची नाहीत. भिंग घे आणि आधी माशाचं तोंड बघ. मत्स्यशास्त्र शिकवताना मी मुलांना रंगाआधी तोंडच बघायला लावायचो. रंग छपाईत बदलतो. मासा कुठे नि काय खातो, ते तोंडावरून कळतं.

१९७३च्या पाकिस्तानी मालिकेतला कटला घे. डोकं थोरलं, खालचा जबडा पुढे, तोंड वर वळलेलं. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. रोहूचं तोंड जरा खाली झुकलेलं आणि ओठाला झालर. तो मधल्या थरात चरतो. त्यांचाच सोबती मासा मृगळ, तो तळाशी. म्हणून तर शेततळ्यात तिघांना एकत्र सोडतात. कुणी कुणाच्या ताटातलं ओढत नाही.

तिलापियापाशी मात्र जास्त वेळ थांब. तुमच्या उजनीतल्या चिलापीच्या भावकीतलीच ही. मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ साली. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसताच परत आईच्या तोंडात शिरतात. अशी जपलेली पिल्लं जगतात पुष्कळ, त्यामुळे ही जात जिथे सोडली तिथे फोफावते आणि तिथल्या मूळ माशांना जागा उरत नाही. मला याची फार काळजी वाटते. अल्बममध्ये तिच्याखाली मूळ ठिकाण आणि आता कुठे कुठे पसरली, दोन्ही लिही.

हंगेरीची तिकिटं १९६२ची असतील तर त्यात गप्पी शोध. आपल्याकडे डासांसाठी डबक्यांत सोडतात तोच. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला. त्याचंही तोंड वर वळलेलं, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाशी आलेल्या अळ्या तो बरोबर टिपतो. कुठे ‘लेबिस्टेस’ असं शास्त्रीय नाव दिसलं तर गोंधळू नकोस. ते जुनं, आता पोसिलिया रेटिक्युलाटा म्हणतात.

मॅक्सिमम कार्ड म्हणजे ज्या बाजूवर चित्र असतं त्याच बाजूवर त्याच विषयाचं तिकीट लावून त्यावर शिक्का मारून घेतलेलं पोस्टकार्ड. शिक्काही विषयाशी जुळणाऱ्या गावचा असला तर उत्तम. पाकिस्तानच्या तिकिटावर आपलं टपाल खातं शिक्का मारणार नाही, तेव्हा परदेशी कार्डं तयारच घ्यावी लागतील. त्यात फार पैसे घालू नकोस.

त्यापेक्षा साध्या पोस्टकार्डावर स्वतः मासे काढ. पहिला काढ दख्खनचा महसीर. इंग्रज लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने १८३९मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवतात. ओठाशी मिशांच्या दोन जोड्या काढायला विसरू नकोस. आणि भिगवणच्या मासळी बाजारात आजोबांबरोबर सकाळी लवकर जा. कटला नि रोहू शेजारी ठेवायला सांग आणि दोघांची तोंडं समोरून बघ.