वाचक विचारतात: पंख्यावरचं 'क्रॉम्प्टन' कोण?

प्रश्न: माझे बाबा कांजूरमार्गला क्रॉम्प्टनमध्ये होते. परवा नातवाने त्यांना विचारलं, आजोबा क्रॉम्प्टन म्हणजे काय, तर बाबांनाच सांगता येईना. हे कुणा माणसाचं नाव आहे का?
- एक वाचक, भांडुप

उत्तर: हो, माणसाचंच, आणि तोही ब्रिटिश लष्करातला ऑफिसर! रुक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन, जन्म 1845, यॉर्कशायर. पोरवयातच वाफेच्या इंजिनाचं वेड, शाळेच्या सुट्टीत घरी स्वतःची वाफेची गाडी बनवायला घेतलेली. 1864 ला रायफल ब्रिगेडमध्ये भरती झाला आणि आला हिंदुस्थानात. इथे बघतो तर सैन्याचं सगळं सामान बैलगाडीतून रखडत चाललंय, मग वरिष्ठांच्या मागे लागून लागून त्याने रबरी टायरवाली वाफेची इंजिनं मागवून घेतली आणि त्यांच्यामागे गाड्या जोडून ग्रँड ट्रंक रोडवर चालवून दाखवली. त्यातलं एक इंजिन इकडे पाठवायच्या आधी 1871 मध्ये इप्सविचहून थेट एडिंबरा आणि परत असं रस्त्याने पळवलेलं, नाव काय तर 'रावी'. मला तर त्याच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

पुढे 1870 च्या दशकातच लष्कर सोडलं, इंग्लंडमधल्या चेम्सफर्डच्या एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये भागीदारी घेतली. त्याच सुमारास नात्यातल्यांच्या लोखंडाच्या कारखान्यात रात्रीच्या कामाला उजेड हवा होता म्हणून याने पॅरिसहून डायनामो, म्हणजे वीज तयार करणारी यंत्रं, आणले, आणि तिथून जो विजेच्या नादाला लागला तो कायमचाच. 1878 ला स्वतःची क्रॉम्प्टन अँड कंपनी. वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी) द्यायची की एसी (सतत दिशा बदलणारी) या वादात तो डीसीच्या बाजूने हट्टाने उभा राहिला आणि तिथे हरला, हे पण सांगायला हवं. तरी माझ्या मते त्याचं मोठं काम धंद्याच्या बाहेरचं आहे. विजेच्या सामानाची मापं देशोदेशी वेगळी असू नयेत म्हणून 1904 ला सेंट लुईसच्या परिषदेत त्याने विषय लावून धरला, त्यातून 1906 ला आयईसी (इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशन) ही विजेच्या सामानाची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि तिचा पहिला मानद सचिव हाच!

कंपनी 1927 ला पार्किन्सन या दुसऱ्या कंपनीत मिसळली, 1937 ला मुंबईत आली, पुढे ग्रीव्हज या कंपनीचं नाव जोडलं गेलं आणि झालं क्रॉम्प्टन ग्रीव्हज. कर्नल क्रॉम्प्टन 1940 ला वारले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. नातवाला 'रावी'ची गोष्ट आधी सांगा.