तांदळाच्या डब्यातले सात हजार

“मॅडम, मी माझ्या सख्ख्या मुलापासून पैसे लपवते. माझं डोकं ठिकाणावर आहे ना, तेवढं सांगा.”

दर मंगळवारी मी ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत लोकांच्या अडचणी ऐकायला बसते. येणारी माणसं आधी गुडघ्यांबद्दल बोलतात, मग हवेबद्दल, आणि उठताना दारात पाऊल अडखळलं की मूळ गोष्ट निघते. या बाईंनी मात्र खुर्चीत टेकायच्या आधीच हे वाक्य टाकलं. वय ६८, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी मी बदलल्या आहेत. गाव त्यांना बाई म्हणतं, तेव्हा मीही बाईच म्हणते.

लपवलेली रक्कम किती? सात हजार दोनशे. तांदळाच्या डब्यात तळाशी, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून. ज्या बाईंना महिन्याला तीस हजारांच्या वर पेन्शन येते, त्यांनी हे पैसे साठवले कसे तेही त्यांनीच सांगितलं. “दळणाला चाळीस लागतात, मी पन्नास सांगते. कोथिंबीर दहाची आणते, पंधराची म्हणते. चौतीस वर्षं पोरांना सांगत आले की खोटं बोलू नये.” एवढं बोलून त्या हसल्या आणि पर्समधून रुमाल शोधायला लागल्या.

इथे मी चूक केली. मुलाच्या ताब्यात आईची पेन्शन, हे ऐकलं की माझ्या डोक्यात ठरलेले प्रश्न रांगेने उभे राहतात. अंगावर हात टाकतो का? जेवणखाण नीट देतो का? कोऱ्या कागदावर सही घेतली का? तिसऱ्या प्रश्नाला बाई उठल्याच. “माझा नितीन तसला नाही. तुमच्याकडे येऊन मी त्याची बदनामी करायला बसले नाहीये.” माफी मागितली, पाणी दिलं, तेव्हा कुठे त्या बसल्या.

नितीन खरंच तसला नव्हता. दीड वर्षापूर्वी बाईंच्या मोबाईलवर मेसेज आला होता: मागील महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा. हा मेसेज महाराष्ट्रात कित्येकांनी पाहिलाय. बाईंनी फोन केला. पलीकडचा मुलगा “आई, आई” करत बोलत होता. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरून बघा म्हणाला. त्या ॲपमधून बाईंच्या फोनचा पडदा त्याला तिकडे दिसत होता. १८,४०० रुपये गेले.

बाई दोन दिवस कुणाला काही बोलल्या नाहीत. “शिक्षिका असून फसले” ही लाज. या दोन दिवसांची किंमत फार असते म्हणून थोडं थांबून सांगते. फसवणूक झाल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवले जाण्याची शक्यता असते; ते पाच खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले की कसले परत येतात! रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं. त्यात म्हटलंय की चूक बँकेचीही नाही, खातेदाराचीही नाही, तिसऱ्यानेच काही केलं आणि खातेदाराने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोशीस त्याला नाही. आपणच ओटीपी वगैरे सांगून बसलो असू तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेने गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

तिसऱ्या दिवशी नितीनला कळलं. तो चिडला, मग घाबरला, आणि मग त्याने बंदोबस्त केला. बँकेत आईच्या नंबरऐवजी स्वतःचा नंबर लावला. एटीएम कार्ड स्वतःच्या पाकिटात. आईचा स्मार्टफोन काढून घेतला, बटणांचा दिला. मुदत ठेवी होत्या त्यांवर स्वतःचं नाव जोडलं. कुठे काही लागलं तर हाताशी असावं म्हणून आधार-पॅनचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवले. त्या ग्रुपवर आते-मामे धरून सव्वीस माणसं. कार्डाचा पिन कुणी विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी. हे सगळं आईच्या सुरक्षेसाठी.

“पण डबा कधी सुरू झाला?” मी विचारलं.

बाई बराच वेळ टेबलावरच्या काचेखालच्या वर्तमानपत्राकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, छातीत डाव्या बाजूला गाठ लागली होती. घरात कुणाला सांगायचं नव्हतं, रिपोर्ट येईपर्यंत तरी नाही. साडी घ्यायची म्हणून मुलाकडून कार्ड मागून घेतलं आणि तपासणीचे १,८०० रुपये लॅबमध्ये कार्डाने भरले. मेसेज गेला नितीनच्या मोबाईलवर, लॅबच्या नावासकट. बाई रिक्षात बसतात न बसतात तोच फोन, “आई, कसली तपासणी?” संध्याकाळी सुनेला माहीत, रात्री कोल्हापूरच्या लेकीचा फोन. गाठ साधी निघाली. पण बाई म्हणाल्या, “माझ्या अंगाची गोष्ट माझ्याआधी बँकेने घरात सांगितली.”

डोकं ठिकाणावर आहे, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं. बाईंसारखा प्रश्न महिन्यातून दोघी-तिघी तरी विचारतात, शब्द फक्त वेगळे. घरच्या माणसापासून काही राखून ठेवणं म्हणजे अविश्वास का? आपल्याकडे बायकांचा डबा जुनाच आहे. तो गुपचूप असायचा, तरी घराला त्याची कल्पना असायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली तेव्हा कितीतरी जणींना तो नवऱ्यापुढे उघडावा लागला, आणि आजही काही जणी मला ती गोष्ट पैसे गेल्यासारखी सांगतात, जरी पैसे बदलून मिळाले होते. गेलं होतं ते दुसरंच काही. त्याला मराठीत धड शब्द नाही. खासगीपणा म्हटलं की परीक्षेच्या उत्तरासारखं वाटतं.

बाईंना वाचनाची आवड, म्हणून त्यांना सांगितलं की २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ते प्रकरण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी याचिका करताना ऐंशी ओलांडलेले होते. बाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे या वयात मागितलं तरी चालतं.” तो खटला सरकारविरुद्धचा होता, स्वयंपाकघराला तसा लागू नाही, हे मी तेव्हा बोलले नाही.

पुढच्या मंगळवारी नितीन आणि सूनबाई दोघं आले. नितीन एमआयडीसीत सुपरवायझर, रजा टाकून आला होता. आल्या आल्या म्हणाला, “मी काय चोर आहे का? एवढा जीव तोडून करतो.” त्याचं दुखणं खरं होतं. मी त्याला एवढंच विचारलं, तुमच्या कार्डाचा पिन घरात कुणाला माहीत आहे?

“माझा? कुणाला कशाला?”

तेवढ्यात इतका वेळ ओढणीचं टोक पिळत बसलेली सूनबाई म्हणाली, “माझं कार्डही यांच्याकडेच असतं. मेसेजपण.” ती एका दवाखान्यात नोकरी करते. नितीनने तिच्याकडे वळून पाहिलं, आणि चहा येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही. त्या बैठकीत मी जे काही केलं त्यापेक्षा या एका वाक्याने जास्त काम केलं, हे कबूल करते.

मग कागद घेऊन बसलो. चोराचा बंदोबस्त वेगळा आणि घरातली खासगी बाब वेगळी. नितीनने एकच कुलूप दोन्हीला लावलं होतं. पेन्शनचं खातं बाईंच्या स्वतःच्या नंबरवर परत आलं, त्या खात्याला यूपीआय अजिबात नाही. दुसरं छोटं बचत खातं उघडलं, त्यात दर महिन्याला सहा हजार आपोआप जमा होतात आणि कार्ड, यूपीआय जे काही आहे ते फक्त त्याला. उद्या पुन्हा फसल्या तरी जाणार ते सहा हजारांच्या आतलं. नितीनला ही कल्पना पटकन पटली. कारखान्यातला माणूस, फ्यूज कशासाठी असतो ते त्याला सांगावं लागत नाही.

मुदत ठेवींवर बँकेने ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ टाकलं होतं, म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करावा. जोडनाव म्हटलं की खिडकीवर बहुधा तेच लिहून घेतात. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असं मागितलं तर पहिलं नाव ज्याचं, तो असेपर्यंत व्यवहार त्याचाच, त्याच्यामागे दुसऱ्याचा. मुलाला मागे धावपळ नको आणि हयातीत आपली किल्लीही आपल्याकडे हवी, तर हे मागून घ्यावं लागतं. आपणहून कुणी सांगत नाही.

आधारचे फोटो ग्रुपवरून काढले. सव्वीस फोनमधून ते खरंच गेले असतील यावर माझा विश्वास नाही, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसता अंगठा लावून पैसे काढता येतात, त्याला ओटीपी लागत नाही. लॉक केलं की तो अंगठा चालत नाही. यात एक मेख आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला अंगठ्याने द्यायचा असेल, किंवा रेशन दुकानात अंगठा लावायचा असेल, तर तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं, लाल शाईने. कुठे प्रत द्यायचीच तर मास्क्ड आधार, ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. नवा पिन बाईंनी स्वतः ठरवला. कॅलेंडरचं पान सूनबाईने घरी गेल्याबरोबर फाडलं, दुधाच्या हिशेबासकट, त्यावरून गवळ्याशी वाद झाला म्हणे.

एक करार तोंडीच झाला. पैशाबद्दल कुणीही घाई केली, पोलीस म्हणवणारा असो की बँकवाला, की बाईंनी फोन ठेवायचा आणि नितीनला विचारायचं. त्याच्या बदल्यात नितीनने “तुला सांगितलं होतं ना” हे वाक्य उच्चारायचं नाही. कधीच. बाईंनी हे दोनदा वदवून घेतलं, वर्गात घेतात तसं. मागच्या वेळचे ते दोन दिवस याच वाक्याच्या भीतीने गेले होते.

घराचा विषय निघणारच होता. धाकट्या दिराने डोक्यात भरवलं होतं की आत्ताच नितीनच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, दोनशे रुपयांत काम होतं. खरं आहे, राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागतं. एवढं स्वस्त असल्यामुळेच लोक चहा पिऊन उठतात आणि करून येतात. बक्षीसपत्र झालं की घर गेलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी सांभाळ करण्याची अट त्या दस्तात स्पष्ट लिहिलेली असली तर बरं. नाहीतर सिद्ध करत बसा. मृत्युपत्राचं तसं नाही. त्याला नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. हयातीत कितीही वेळा बदलता येतं. वकिलाकडून करून घ्या म्हटलं आणि माझं काम तिथे थांबवलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही सांगितलं, कारण नितीनला तसंच वाटत होतं. सगळ्यांनाच वाटतं.

सगळं गोड झालं असं नाही. लॉकरची चावी अजून नितीनकडेच आहे आणि त्यावर तो बोलू देत नाही. तो महिनाभर आईशी मोजकंच बोलत होता. कोल्हापूरच्या लेकीने तर फोनवर “आईला कुणीतरी भरवलंय” असं म्हटलं. ती कुणीतरी मीच.

तीन महिन्यांनी बाई आल्या, हातात स्मार्टफोन, चष्मा गळ्यात दोरीला. नातवाच्या मुंजीत कुणाला न विचारता आहेर केला म्हणाल्या. मी डब्याचं विचारलं.

“दळणाचे आता चाळीसच सांगते,” बाई म्हणाल्या. “डब्यातले पाच हजार बँकेत टाकले. बाकीचे आहेत तिथेच.”

“ते कशाला?”

“ते तुम्हाला कशाला सांगू?”