मागणी वाढली, मग पैसा का आटला?

प्रश्न : माझा सुटे भाग तयार करण्याचा लहान कारखाना आहे. दीड वर्षात मागणी जवळजवळ दुप्पट झाली. यंत्रे दिवसभर चालतात, तरी माल वेळेवर जात नाही आणि महिनाअखेरीस पगाराला पैसे कमी पडतात. कर्ज काढून आणखी एक यंत्र घ्यावे का?

उत्तर : तूर्त घेऊ नये. आधी अर्धवट कामाचा ढीग नेमका कोणत्या टप्प्यापुढे साचतो, हे आठवडाभर स्वतः उभे राहून पाहावे. संपूर्ण कारखान्याचा वेग त्या एका टप्प्याच्या वेगाएवढाच असतो. त्याच्या अलीकडे नवे यंत्र बसवले, तर ढीग तेवढा उंच होतो. पुष्कळदा तो टप्पा यंत्राचा नसून तपासणीचा किंवा मालकाच्या सहीचा निघतो, आणि हे मालकाला सर्वांत शेवटी कळते.

यंत्रे दिवसभर चालतात, यात समाधान मानण्याचे कारण नाही. कामे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल, तर रांगेच्या साध्या गणितानुसार यंत्र ८० टक्के वेळ व्यग्र असताना कामाला त्याच्या स्वतःच्या सरासरी वेळेच्या चौपट थांबावे लागते. ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. म्हणून तारखेचा शब्द देताना थोडी क्षमता मोकळी धरावी. शिवाय जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम असा की, आत अडकलेल्या कामांना रोज पूर्ण होणाऱ्या कामांनी भागले, की एका कामाला लागणारे सरासरी दिवस मिळतात. रोज १० कामे बाहेर पडत असताना आत १२० असतील, तर १२ दिवस लागतात. उत्साहाने २०० घेतली, तर २०. ग्राहकाचे काम स्वीकारणे आणि ते कारखान्यात प्रत्यक्ष सुरू करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर एकही नवे यंत्र न घेता तारखा पाळता येऊ लागतात.

आता पैशाचे. समजा, कच्चा माल येऊन पक्का माल विकला जाईपर्यंत ४० दिवस जातात, ग्राहक त्यानंतर ६० दिवसांनी पैसे देतो आणि आपण पुरवठादाराला ३० दिवसांनी देता. म्हणजे मालात घातलेला पैसा ७० दिवस बाहेर राहतो. पगार तर त्याहूनही आधी द्यावे लागतात. विक्री दुप्पट झाली, की अडकणारी रक्कमही दुप्पट होते, मग नफा कागदावर कितीही दिसो. नव्या यंत्राचा हप्ता मात्र या ७० दिवसांसाठी थांबणार नाही.

त्यामुळे नव्या ग्राहकांकडून आगाऊ रक्कम मागावी आणि वारंवार उशिरा पैसे देणाऱ्याचे काम, तो जुना असला तरी, रांगेत मागे ठेवावे. हे मनाला जड जाते, पण व्याजाचा भार त्याहून जड असतो. एवढे करूनही अडणारा टप्पा यंत्राचाच निघाला आणि दुसरी पाळी चालवणे शक्य नसेल, तर यंत्र जरूर घ्यावे, मात्र त्याच टप्प्यासाठी.