कॅटान या बोर्डगेममध्ये ज्याचा टर्न नाही अशा दोघांनी आपापसात ट्रेड केलं तर चालतं का?

नाही चालत. तुम्ही पुढे विचारलंय की 'पुढच्या वेळी देतो' म्हणून कोणी आत्ता कार्ड घेतलं आणि मग दिलंच नाही तर काय करायचं, त्यावर पण येते, पण आधी हे पहिलं, कारण याच एका नियमावरून आमच्या घरात चार वर्षं झाली तरी वाद मिटलेला नाही आणि दरवेळी रुसूबाई मीच ठरते.

ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी, या गेममध्ये वीट, लाकूड, मेंढी, गहू, दगड अशी मालाची कार्डं जमवून रस्ते, सेटलमेंट (वस्ती) आणि सिटी (शहर) बांधायची असतात, आणि आधी १० पॉइंट करेल तो जिंकतो. नियम साधा आहे. ज्याचा टर्न त्याच्याशीच ट्रेड. तो कोणाशीही करू शकतो, बाकीचे फक्त त्याच्याशी, आपापसात नाही. फासे टाकायच्या आधी ट्रेड नाही. फुकट कार्ड द्यायचं नाही, आणि एकाच जातीची कार्डं एकमेकांना द्यायची नाहीत, म्हणजे दोन मेंढ्या देऊन एक मेंढी घेतली असं दाखवून बायकोला कार्ड सरकवता येत नाही. डेव्हलपमेंट कार्डं (माल देऊन विकत घ्यायची खास कार्डं) ट्रेडमध्ये येतच नाहीत. हे सगळं रूलबुकात आहे, ज्यांना सापडत नाही त्यांनी शोधलेलं नसतं.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते. गणपतीत आम्ही सगळे ठाण्याला काकांकडे जमतो. त्या वर्षी पहिल्या दिवशी रात्री जेवणं उरकल्यावर सतरंजीवर बोर्ड मांडला, मी, माझी सख्खी ताई, चुलत भाऊ म्हणजे दादा आणि वहिनी. सेट दादाचा, रूलबुक बॉक्समध्ये नव्हतंच, त्याला ऑफिसातल्या मित्राने तोंडी शिकवलेलं आणि त्याने आम्हाला तोंडी. दुपारच्या उकडीच्या मोदकांचं तूप कोणाच्या तरी बोटाला राहिलेलं असणार, कारण एका दगडाच्या कार्डावर (ओरला आम्ही दगडच म्हणतो) वरच्या कोपऱ्यात तुपाचा चांगला रुपयाएवढा डाग पडला होता, उजेडात धरलं की आरपार दिसायचा. हा डाग लक्षात ठेवा.

शेवटी शेवटी दादा ९ पॉइंटवर, मी ८ वर. माझ्या टर्नला मला वीट हवी होती म्हणून मी तो डागवाला दगड वहिनीला दिला आणि तिच्याकडून वीट घेतली. मग ताईचा टर्न. तेवढ्यात काकूंनी कॉफीचे कप न्यायला हाक मारली म्हणून मी उठून आत गेले, दोन मिनिटं फार तर. परत आले तेव्हा ताई रस्ता बांधत होती. मग दादाने फासे टाकले, पाच पडले, आणि कोणाशी एक अक्षर न बोलता त्याने तीन दगड आणि दोन गहू खाली टाकले, सेटलमेंटची सिटी केली, एक पॉइंट वाढून १० झाले, जिंकला.

त्या तीन दगडांत वरचाच डागवाला होता.

सात पडले असते तर रॉबर (चोराची सोंगटी) हलवून वहिनीकडून चोरला असं म्हणता आलं असतं, पण पडले होते पाच. त्याच्या टर्नला ट्रेड झालेलं नव्हतं, मी समोर कप घेऊन उभी होते. मी विचारलं हा तुझ्याकडे कसा आला? वहिनीने सरळ सांगितलं, तिने काही लपवलं नाही हे मी मानते, की तू आत गेलीस तेव्हा ह्याने मागितला, मी दिला, मेंढी घेतली. म्हणजे ताईच्या टर्नला! आणि वर ताई म्हणाली की अगं मी तेव्हा दगडच मागत होते सगळ्यांना, वहिनी म्हणाली माझ्याकडे नाहीये. असणार कसा, तो आधीच शेजारच्या हातात गेला होता. ताईला डेव्हलपमेंट कार्डासाठी एक दगड कमी होता, दुसरं काही जमेना म्हणून तिने नाइलाजाने रस्ता बांधला.

दादाचं म्हणणं, मी माझ्या टर्नला मागितला असता तरी तिने दिलाच असता, मग फरक काय पडला? फरक हाच पडला ना! ताईचा टर्न म्हणजे बाजार ताईचा. त्या वेळेत वहिनीकडचा दगड घ्यायचा हक्क फक्त ताईचा होता आणि तो तिच्या डोळ्यांदेखत गेला. आणि त्याने स्वतःच्या टर्नला उघड मागितला असता तर आम्ही दोघींनी वहिनीला सांगितलं असतं की नऊवर आहे तो, देऊ नकोस, कदाचित तिने ऐकलं नसतं, पण बोलायची संधी तर मिळाली असती. कॅटानमध्ये फाशांच्या खालोखाल हेच तर सगळं आहे, घासाघीस, समजावणं, अडवणं. ते काढून टाकलं तर उरतं काय?

मग त्याचं दुसरं, की "घरातच खेळतोय, एवढं कडक कोण खेळतं?" यावर तर मला फार राग येतो. क्लाउस टॉयबर, ज्याने हा गेम १९९५ मध्ये जर्मनीत आणला, तो डेंटल टेक्निशियन होता आणि आपले गेम घरी बायकामुलांबरोबर खेळून खेळूनच घडवायचा. घरात खेळून घासूनपुसून घेतलेले नियम आहेत हे. प्रत्येकाला कारण आहे. फुकट देऊ नका हेच बघा ना, सात पडले की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त कार्डं त्याला निम्मी टाकावी लागतात, आता समजा माझ्याकडे नऊ आहेत आणि मी दोन ताईकडे ठेवायला दिली आणि नंतर परत घेतली तर त्या नियमाला अर्थच राहत नाही. नवराबायको, बहिणीबहिणी, मित्रमित्र जिथे खेळतात तिथेच या नियमाची जास्त गरज आहे, कारण तिथेच तो मोडायचा मोह होतो.

त्या रात्री मला काय ऐकायला मिळालं? आईकडून, "जाऊ दे ना, मोठा आहे तो, खेळच आहे." काकूंकडून, "सणासुदीचं काय भांडता." डाग बघायची कोणाला इच्छाच नव्हती. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत दादा सांगतो की ही हरली आणि पट उधळून निघून गेली. मी पट उधळला नाही. मी कार्ड उचलून दाखवलं, कॉफी प्यायले आणि झोपायला गेले.

पुढच्या वर्षीचं ऐका म्हणजे कळेल. माझ्या टर्नला मी तिघांना मेंढ्या दिल्या, बदल्यात वीट, गहू आणि लाकूड घेतलं, आणि मग आधीच्या एका टर्नला घेतलेलं मोनोपॉली कार्ड (एका मालाचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी त्याची सगळी कार्डं द्यायची) टाकून मेंढी म्हणाले. सगळ्यांच्या सगळ्या मेंढ्या परत माझ्याकडे. हे पूर्णपणे नियमात बसतं, आपल्या टर्नला एक डेव्हलपमेंट कार्ड कधीही टाकता येतं, फक्त त्याच टर्नला विकत घेतलेलं नको. २५ कार्डांत अशी मोनोपॉली दोनच असतात, मी दोन राउंड जपून ठेवलं होतं. तर दादा म्हणाला ही चीटिंग आहे, असं घरात खेळत नाहीत! म्हणजे नियमात नसलेलं त्याने केलं तर मजा आणि नियमातलं मी केलं तर चीटिंग.

असो. तुमचा दुसरा प्रश्न, उधारीचा. ट्रेड म्हणजे हातातली कार्डं हातात, तिथल्या तिथे. आत्ता कार्ड घेतलं आणि बदल्यात नुसता शब्द दिला तर ते फुकट घेतलेलं झालं, आणि फुकट चालत नाही, त्यामुळे तुमच्या मित्राला ते कार्ड मिळायलाच नको होतं. "तुझ्यावर रॉबर ठेवणार नाही" हे बोलायला हरकत नाही, पण त्याच्यावर कार्ड मागता येत नाही आणि मोडलं तर दंड पण नाही. उलट एका मेंढीला तीन दगड असा वेडावाकडा ट्रेड झाला तर तो कितीही खटकला तरी चालतो, ट्रेड बरोबरीचा असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. इथे दादाची बाजू खरी असती, जर त्याने आपल्या टर्नला केलं असतं.

बाकी लहान मुलं असतील तर सैल सोडा, आमच्या भाचरांना आम्ही उधारी पण देतो. आणि घरचे नियम करायचेच असतील तर करा, पण पहिली सेटलमेंट ठेवायच्या आधी, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलून. नंतर कोणी म्हणालं "आम्ही असंच खेळतो" तर ऐकू नका, मग तो वयाने कितीही मोठा असो.

मी आता रूलबुकाची प्रिंट काढली आहे आणि ट्रेडचं सगळं मराठीत लिहून माझ्या स्वतःच्या सेटच्या झाकणाला आतून चिकटवलंय, पोर्ट (बोर्डाच्या कडेची बंदरं) धरून, म्हणजे बँकेशी ४ ला १ (एकाच जातीची चार देऊन हवं ते एक), साध्या पोर्टवर ३ ला १, खास पोर्टवर त्या एका जातीला २ ला १, आणि दुसऱ्याचं पोर्ट आपल्याला वापरता येत नाही. यंदा गणपतीत हाच सेट नेणार आहे. फासे हातात घ्यायच्या आधी झाकण दादाने वाचायचं, मोठ्याने, काकूंना स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं.