पेन ड्राइव्हमधले शॉर्टकट

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. पेन ड्राइव्ह लावला की फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसतात. विंडोज ७ आहे. अँटिव्हायरस टाकला की भागेल का?

उत्तर : दादा, आधी त्या शॉर्टकटवर क्लिक करणं थांबवा. क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. आणि घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. फायली बहुतेक वेळा आतच असतात, फक्त लपवलेल्या. अँटिव्हायरसने पीसी आणि पेन ड्राइव्ह दोन्ही स्कॅन करा, मग लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करा.

पण नुसत्या अँटिव्हायरसवर भागणार नाही. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा, फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस. त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, त्यांच्या फायलींना कुलूप लागलं. पीसी झेपत असेल तर विंडोज ११ घ्या, नाहीतर नवा पीसी घ्या.

आता बॅकअप. माझ्याकडे एक व्यापारी आले होते. बॅकअपची हार्डडिस्क रात्रंदिवस पीसीलाच जोडलेली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा गेला, सोबत बॅकअपही. त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, रोजचा हिशेब संपला की कॉपी घ्या, केबल काढा, डिस्क घरी न्या. २०१९ च्या महापुरानंतर उंचावर ठेवा हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.