जुन्या गाडीत मागच्या सीटखालून सतत घूं घूं आवाज येतो, फ्युएल पंप गेला का?
लगेच पंप बदलू नका, आधी टाकी अर्ध्याच्या वर भरून आवाज कमी होतो का ते बघा. टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, लेव्हल खाली गेली की हवा ओढतो आणि बोंबलायला लागतो. टाकी भरूनही तसंच असेल तर फिल्टर आणि पंपाची जाळी चोक झालीय का बघा, जुन्या गाड्यांत बऱ्याचदा तिथेच घाण अडकलेली असते, मग प्रेशर गेज लावून पंपातून येणाऱ्या पेट्रोलचं प्रेशर मोजा, किती पाहिजे ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. प्रेशर कमी आणि चढावर गाडी दम टाकते, असं असेल तर पंप संपत आलाय. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद येणारी बारीक घूं मात्र नॉर्मल आहे. कार्ब्युरेटरवाल्या (इंजेक्शनच्या आधीच्या, पेट्रोल-हवा कार्ब्युरेटरमध्ये मिसळणाऱ्या) गाडीत पंप बहुधा इंजिनवरच असतो, तिला हे लागू नाही.